कशाचा कौल

आमच्या घरात कौल लावल्याशिवाय काही ठरत नाही. माझं लग्न, म्हशीची खरेदी, वडिलांचं ऑपरेशन, सगळं गावच्या देवीला विचारून झालं. गाव म्हणजे गडमुडशिंगी, कोल्हापुरातून दुचाकीला टाच मारली की आलंच. आई तिथं राहते. मी आणि बायको शहरात, माझ्या फौंड्रीतल्या नोकरीपायी.

कौलाची रीत साधी आहे. मंगळवारी सकाळी आंघोळ करून उपाशीपोटी देवळात जायचं. गुरव दोन पांढरी फुलं पाण्यात भिजवून देवीच्या दोन खांद्यांना चिकटवतो. ज्याचा प्रश्न त्यानं हात जोडून तो मनातल्या मनात विचारायचा. उजवं फूल आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. एका गोष्टीला दोनदा कौल लावत नाहीत. कॉलेजात असताना मी याची टिंगल करायचो, पुढं गप्प बसायला शिकलो.

माझीही एक रीत होती. मोबाईलवर क्रिकेटची टीम लावायची आणि तिच्यावर पैसे लावायचे. आपण निवडलेले खेळाडू चालले तर कमाई, नाही चालले तर गेले. त्यातल्या एकाला कप्तान नेमायचं, त्याचे गुण दुप्पट. मी हे सगळं नियमानं करायचो. महिन्याची रक्कम ठरलेली, ती संपली की बंद. उसने घ्यायचे नाहीत. हरलो तर त्याच दिवशी परत लावायचे नाहीत. फौंड्रीत जेवणाच्या सुट्टीत मी पोरांना हे नियम शिकवायचो. एकानं या नादात मोटारसायकल विकली तेव्हा त्याचं तासभर बौद्धिक घेतलं. आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला. पण पैशाचा नियम मी खरंच कधी मोडला नाही, आणि त्याचाच मला ताठा होता. ज्याच्या घरातली वाटीसुद्धा हलली नाही तो कसला जुगारी, असं मी म्हणायचो.

एकदा बायकोला दिवस गेले होते. ते टिकले नाहीत. त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसून मी स्कोअर बघत होतो. ती बाहेर आली, डॉक्टर काय म्हणाले ते तिनं सांगितलं, आणि मी "हं" म्हणालो. त्यानंतर आमच्या घरात तो विषय कुणी काढला नाही. तिनं तिची फाईल कपाटात वर ठेवून दिली.

पुढं एका हंगामात माझे कप्तान सारखे चुकायला लागले. कौलाची कल्पना तेव्हा सुचली. सुचली तेव्हा मला ती हुशारीची वाटली, हे सांगायला जड जातं. आईला फोन केला, म्हटलं मंगळवारी कौल लावायचाय.

आईनं आवाज हळू केला. मग म्हणाली, "व्हय? ये की. सुनंला आणतोस?"

"नको. तिला काही सांगू नको."

एवढ्यावरून आईनं जे समजायचं ते समजून घेतलं. तिला काय वाटलं ते मलाही फोनवरच कळलं होतं. मी तिला दुरुस्त केलं नाही. फुकटात निमित्त मिळत होतं.

मंगळवारी देवळात आई माझ्या शेजारी उभी राहिली. "पोराचं काम हाय, आई, बघ," एवढंच देवीला म्हणाली. मी डोळे मिटले आणि संध्याकाळच्या सामन्यात अमक्याला कप्तान करू का, असं विचारलं. उजवं फूल पडलं. आईनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. संध्याकाळी तो गडी भरपूर खेळला.

सांगू नको म्हटलं तरी आईनं सुनेला सांगितलंच. मग वडिलांची जुनी धोतरं आणि आमच्या लग्नातलं एक लुगडं फाडून तिनं वाकळ, आमच्याकडची गोधडी, शिवायला घेतली. हातभर लांबीची, कुणासाठी ते विचारायची गरज नव्हती. बायको मला काही बोलली नाही, पण कपाटातली फाईल खाली आली आणि तिनं डॉक्टरांची तारीख घेतली. हे सगळं मी बघत होतो. कपबशा विसळताना ती गुणगुणायची, तेही ऐकत होतो. आणि पुढच्या मंगळवारी मी परत देवळात.

"एका गोष्टीला दोनदा न्हाई इचारत, बाळा," आई म्हणाली.

"तेच नाही विचारत. पुढचं विचारतोय."

तिला ते पटलं. मुलगा होईल का, सुखरूप होईल का, असलं काही मी विचारत असेन असं तिनं धरलं. मग मी जातच राहिलो. कधी कप्तान चालायचा, कधी नाही. नाही चालला तर माझंच मन एकाग्र नव्हतं अशी समजूत घालायचो. आई प्रत्येक वेळी उपाशी यायची. तिचे गुडघे दुखतात, तरी फूल पडेपर्यंत उभी राहायची.

एका मंगळवारी डावं पडलं.

मी मनात एक नाव पक्कं करून आलो होतो, त्यामुळं चिडलो. तिथंच, मंडपात, देवीकडं पाठ करून मोबाईल काढला आणि कप्तान बदलला. बदलल्यावर पुन्हा शंका आली. गुरवाला म्हटलं, "परत एकदा लावा."

त्यानं ओले हात पंच्याला पुसले. "आरं, देवीला काय दोनदा इचारायचं आस्तंय? डावी दिली तिनं. जा घरला."

"फूल नीट चिकटलंच नव्हतं."

चांगला शिकलेला, नोकरीचा माणूस मी, आणि एका फुलावरून म्हाताऱ्या गुरवाशी हुज्जत घालत होतो. तो गाभाऱ्यात निघून गेला, तसा मी वळलो. आई खांबाला टेकून खाली बसली होती. तोंडात पदर कोंबलेला, खांदे हलत होते. आणि देवीशपथ सांगतो, माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो असा, की ही आत्ताच का रडते, सामना तर अजून सुरू व्हायचाय.

घरी तिनं मला भाकरी वाढली. स्वतः खाल्ली नाही. सुई तशीच टोचलेली ठेवून वाकळीची घडी केली आणि ट्रंकेच्या तळाशी सारली. "तिला डावी दिलेलं सांगू नगंस. तिचं मी बघतो," म्हणाली. आमच्याकडं बायकाही 'बघतो', 'जातो'च म्हणतात. मी मान हलवली आणि कामावर गेलो. संध्याकाळी सामना बघितला. त्या कप्तानानं किती धावा काढल्या ते मला अजून पाठ आहे, आणि त्याची मला इतर कशाहूनही जास्त लाज वाटते.

जुगार डोक्यावर बसला हे ओळखायची खूण लोक पैशात शोधतात. मीही पहारा तिथंच ठेवला होता, पुढच्या दाराला, आणि चोर मागच्या दारानं आत येऊन जेवायला बसला होता. घरात लपवावं लागलं, तेव्हाच मला थांबायला हवं होतं. मी तर खोटं बोललोही नव्हतो, नुसता गप्प बसलो होतो. ते जास्त वाईट असतं हे नंतर कळलं.

त्या आठवड्यात झोप धड लागेना. शेवटी सुट्टीच्या दिवशी गावाकडं गेलो आणि गोठ्यात आईच्या पुढ्यात बसून सगळं सांगून टाकलं. ती म्हशीला पेंड कालवत होती. तिला मोबाईलवरची टीम कळली नाही, कप्तान कळला नाही. एवढं कळलं की मी क्रिकेटचं विचारत होतो.

तिचा चेहरा एकदम उजळला. मी शिव्यांची वाट बघत होतो, पण ती म्हणाली, "म्हंजे पोराला डावी न्हाई दिली देवीनं?"

"नाही, आई."

"आरं मग किती दिवस घोर लावलास जिवाला," म्हणत ती हसली, पेंडीचा हात माझ्या डोक्याला लावला. मग तिचा हात थांबला. मला दिसलं ती मागं मागं मोजत चालली होती.

"म्हंजे उजवी बी..."

मी खाली बघितलं. शेण पडलं होतं, त्याच्याकडं बघत राहिलो.

तिनं उरलेली पेंड म्हशीपुढं सारली. मग हात धुतला, पदराला पुसला. "माझं काय न्हाई. मी म्हातारी, मला काय बी चालतंय. तिला सांग. देवीनं उजवी दिली म्हणून मी तिला सांगून बसलोय."

गोठ्याच्या दारातच मी ते टीम लावायचं ॲप मोबाईलवरून काढलं. पुढं सरकारनं पैशांचे असले खेळ बंद केले, तेव्हा फौंड्रीत पोरं चर्चा करत होती, मी डबा खात बसलो. सामना असला की माझा अंगठा अजून खिशाकडं जातो.

त्याच दिवशी गावाकडून घरी आलो तर बायको मेथी निवडत बसली होती. सगळं सांगितलं. मंगळवार, गुरव, डावं फूल, आईचं रडणं. तिच्या हातांनी निवडणं सोडलं नाही. कोवळी पानं एकीकडं, काड्या एकीकडं.

"बऱ्याच वेळा गेलासा म्हणायचं," ती म्हणाली.

"हो."

"त्यातनं एकदा तरी आपलं विचारलासा?"

मी विचारलं होतं म्हणालो असतो तर तिनं विश्वास ठेवला असता. प्रश्न मनातला असतो, कुणाला कळणार होतं. पण नाही म्हणालो.

तिनं मान हलवली. काड्या गोळा करून डब्यात टाकल्या आणि मेथी धुवायला नळाखाली धरली.

"मी रोज विचारत हुतो," ती म्हणाली. "हितनंच, ओट्याजवळनं."