जराशी उजवीकडं जायलीय

बोलायला तोंड उघडण्याआधी आबा डावा डोळा मिटायचे. समोर माणूस असो, चहाचा कप असो की पाथरीला निघालेली एसटी, उजव्या डोळ्यानं तिचा नेम घ्यायचा, मान किंचित तिरकी करायची आणि मग निकाल द्यायचा, "जराशी उजवीकडं जायलीय." माझ्या दुकानाची पाटी त्यांच्या मते उजवीकडं जायची. त्यांचा धाकटा मुलगाही उजवीकडंच जायचा, म्हणजे नेमका कुठं, हे मी कधी विचारलं नाही.

मानवतला माझं चष्म्याचं दुकान आहे. आबांचं गाव जवळच. बाजाराच्या दिवशी ते यायचे, बाकावर बसायचे आणि मला रायफलीची तब्येत सांगायचे. दुसऱ्या कुणाची तब्येत सांगितल्याचं मला आठवत नाही.

रायफल त्यांच्या वडिलांनी परवान्यावर घेतलेली होती. पलटणीतून बाद झालेली, दर गोळीला हातानं बोल्ट मागं ओढून पुढं ढकलायचा, अशी जुनी. लष्करानं जी नको म्हणून विकली, तिला आबा सुधारायला निघाले होते. पावसाळ्यात दस्त्याचं लाकूड फुगतं आणि नळीला दाबतं, मग गोळी भरकटते. म्हणून नळी आणि लाकूड यांच्यामधून कागद सहज सरकेपर्यंत ते पॉलिश पेपरनं लाकूड घासत बसले. एक अख्खा पावसाळा त्यात गेला. शेतात तण माजलं, पण कागद सरकला. मग लाकडाला जवसाचं तेल पाजलं. त्या वर्षी घरात जवसाची चटणी झाली नाही. त्यानंतर स्क्रूंची पाळी आली. "मागचा आवळला की पुढचा रुसायलाय," असं ते काळजीनं सांगायचे. बायकोचे रुसवे त्यांनी इतक्या निगुतीनं काढले असते तर त्या माउलीचं आयुष्य सुखाचं झालं असतं.

परवान्यावर गोळ्या मोजक्याच मिळत. त्यामुळे सुधारणा झाली की नाही हे बघायला गोळी झाडणं त्यांना उधळपट्टी वाटे. वर्षाकाठी एखादी ओढ्याच्या दरडीला टेकवलेल्या, चुना फासलेल्या पत्र्यावर झाडायचे. भोक चुन्याच्या बाहेर, उजव्या हाताला पडायचं. मग पुन्हा पहिल्यापासून सगळं.

इकडं गावाचा भुईमूग रानडुकरं खात होती. डुकरं मारायची परवानगी आलेली होती, गावात परवान्याची बंदूक एकच होती, आणि ती सुधारत होती.

"आबा, डुकरं शिरली की वावरात. चला," गावकरी बोलवायला यायचे.

"आज न्हाई. आज हवेत वल हाय. लाकूड फुगलंय."

डुकरांना लाकडाची अडचण नव्हती. त्यांनी आबांच्या रानात संसार थाटले, पोरंबाळं वाढवली. कधी हवा कोरडी असायची, लाकूड जागेवर असायचं, स्क्रूंचा समेट झालेला असायचा, तर नेमकी निवडणूक लागायची. निवडणुकीत परवान्याच्या सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. आपल्याकडं निवडणुकांना तोटा नाही. निकाल लागला की आबा रायफल घरी आणायचे, तिच्याकडं सासरहून आलेल्या लेकीसारखं बघायचे आणि म्हणायचे, "कोपऱ्यात उभी करून ठेवली व्हती. वाकली बघा."

एकदा ते रायफलीला बसवायला बारीक काच मागायला आले, तेव्हा मी आधी त्यांचा डोळा तपासला.

"आबा, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. चांगला पिकलाय."

"डोळा ठीक हाय. बंदूक उजवीकडं जायलीय."

"ऑपरेशन करून घ्या. साधं काम आहे."

दुकानात दुसरं कुणी नाही ना, ते त्यांनी बघून घेतलं. मग म्हणाले, "कागदावर मोतीबिंदू आला की परवाना जातोय. बंदूक हाय म्हणून लोक आबा म्हणायलेत. ती गेल्यावर मला कोन इचारतंय, तुमीच सांगा."

परवान्याच्या नूतनीकरणाला डॉक्टरचा दाखला लागतो, आणि त्यात डोळे आले. आबांनी यावर तोड काढली. माझ्या दुकानात दुसऱ्यांची नजर तपासताना ते मागं उभं राहून तक्ता पाठ करू लागले. एका बाजारी मी तक्ता बदलला. आबांना खुर्चीत बसवलं, तर त्यांनी जुना तक्ता वरपासून खालपर्यंत खणखणीत आवाजात म्हणून दाखवला. मी हसून हसून बेजार झालो. ते मात्र शांतपणे उठले आणि म्हणाले, "तुमचा तक्ता फिरलाय."

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा तो छोटा उंचवटा, हलक्या हातोडीनं केसभर सरकवली. त्या खेपेला पत्र्यावरचं भोक चुन्याच्या आत पडलं. आबांनी माझ्या दुकानात पेढे वाटले. मुलाच्या लग्नातही त्यांचा चेहरा इतका उजळला नव्हता.

मग थंडीत एका सकाळी ते बांधावर पोतं टाकून, त्यावर रायफल टेकवून आडवे झाले. धुकं होतं. चुलतभावाच्या विहिरीजवळ त्यांना डुक्कर दिसलं. काळं, थोराड, आडवं पडलेलं. आबांनी श्वास धरला आणि गोळी झाडली. "लागली," असं ओरडत ते उठले. लोक धावत आले.

ती पाण्याची नवी काळी टाकी होती. उभी करायची राहिली म्हणून आडवीच पडलेली. तिच्या मागं दगडावर चुलतभावाची सून धुणं धूत होती. साबण संपला म्हणून ती नुकतीच घराकडं निघाली होती. गोळी टाकीच्या आरपार जाऊन त्याच दगडावर फुटली.

दुसऱ्या दिवशी आबा पोत्यात गुंडाळलेली रायफल घेऊन दुकानात आले. डावा डोळा उघडा होता. सगळं त्यांनीच सांगितलं, तेही काही न लपवता. मला राग आला होता, तरी तोंडातून गेलंच, "लागली कुठं?"

"मधोमध," ते म्हणाले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागले.

मी पाणी दिलं. म्हणालो, चुलतभाऊ तक्रार करणार नाही म्हणतोय, डोळ्याचं करून घ्या, परवानाही राहील कदाचित.

"डोळा नीट व्हईल वो. पन डुक्कर दिसलं ते डोळ्यामुळं न्हाई. मला लय वर्सं पायजे व्हतं, म्हणून दिसलं."

त्याच पावली ते ठाण्यात गेले. मी सोबत होतो. रायफल आणि परवाना त्यांनी टेबलावर ठेवला आणि आता हे परत नको म्हणून लिहून दिलं. हवालदारानं सहज विचारलं, "चालती का ही?"

"एकदम सरळ जाती," आबा म्हणाले. "खोट असली तर माझ्यात हाय. तिला वलीत ठिवू नका."

त्यानंतर त्यांनी ऑपरेशन करून घेतलं. नजर छान आली. बाजाराला येत राहिले, पण कशाचाच नेम धरत नसत, आणि दुकानाची पाटी सरळ आहे असं एकदा स्वतःहून म्हणाले. मला ते मुळीच आवडलं नाही. यंदा दिवाळीनंतर ते गेले.

मी भेटायला गावी गेलो, तेव्हा चुलतभावानं मला विहिरीवर नेलं. टाकी आता उभी होती. नव्या टाकीला तोटीसाठी भोक पाडावं लागतं, ते त्यांना आयतंच मिळालं होतं. पलीकडचं बुजवून अलीकडच्यात तोटी बसवलेली. सून घागर भरत होती. तोटी मधोमध असल्यानं तिच्याखालचं पाणी बाहेर येतच नाही. मी म्हटलं, निम्मं पाणी तर आतच राहतं.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, "ते आबाचं," आणि घागर कमरेवर घेऊन घराकडं गेली.