उस्तादांनी पाठवलेला ट्रक

अति पिकलेल्या केळ्यांचा वास आला, की मी पुन्हा पारोळ्याजवळच्या रस्त्यावर ट्रकखाली आडवा असतो. सत्त्याऐंशी साल. धुळ्याचं गॅरेज मी भांडून सोडलं होतं. ‘महिन्यात परत येशील,’ असं उस्ताद चारचौघांत म्हणाले होते. ते मला आजही डाचतं. जुन्या जीपमध्ये हत्यारं टाकून ट्रक बंद पडेल तिथे जायचं, हा माझा नवा धंदा. हे पहिलंच काम. दोन दिवस अडकलेला हा केळीचा ट्रक निघाला नाही, तर उस्ताद खरे ठरणार होते.

फळीतून चिकट रस मानेवर गळत होता. क्लच खोलता खोलता मी ड्रायव्हरला विचारलं, “माझं नाव कुणी सांगितलं?”

“तुमना उस्तादनी, भाऊ.”

पाना हातातच राहिला. “हसत सांगितलं की रागानं?”

“तंबाखू मळत सांगं. माले काय समजनं नही.”

ट्रक निघाला. ती मदत होती की परीक्षा, मला कळलं नाही. विचारायला मी गेलोही नाही.

गेल्या आठवड्यात माझा कारागीर शिव्या घालून वेगळा झाला. काल एका ट्रकवाल्याला मी त्याचाच पत्ता दिला. का दिला, असं बायकोनं विचारलं, तर तिच्यावरच खेकसलो.