कानबाईचे रोट गेंटच्या जकातीत

बेल्जियममध्ये एक सत्र सूतकताई शिकायला जायचं ठरलं, तेव्हा आमच्या घरात वाद झाला. समुद्र ओलांडण्यावरून नाही, तर श्रावणात कानबाई देवी बसेल तेव्हा मी घरी नसणार म्हणून. आमच्या खानदेशात कानबाईला घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू दळतात आणि त्याचे जाड, टणक रोट भाजतात. ते फक्त भाऊबंदांनी खायचे, बाहेरच्याने तुकडाही मोडायचा नाही, आणि उरवायचे तर मुळीच नाहीत. आबा म्हणाले, "त्याना वाटाना रोट आम्ही खाई लेसूत." माय म्हणाली, "ज्याना त्यानीच खावाना." मायशी वाद घालण्याचा आबांना तीस वर्षांचा अनुभव होता, म्हणून ते बैलांना वैरण घालायला उठले.

ज्यांना जायचं असेल त्यांनी रस्ता लिहून ठेवा. शहाद्याजवळच्या आमच्या गावाहून बैलगाडीने नंदुरबार, तिथून आगगाडीने सुरत, मग मुंबई. मुंबईहून बोट. एडनपर्यंत माणूस स्वतःला प्रवासी समजतो, पुढे सामान समजू लागतो. फ्रान्समध्ये मार्सेयला उतरून दोन आगगाड्या बदलल्या की गेंट. गरम कोट मुंबईत शिवून घेऊ नका, मुंबईच्या शिंप्याने थंडी पाहिलेली नसते. माझा कोट पहिल्याच पावसात आखडला आणि मनगटं उघडी पडली.

गेंटमध्ये कालवे, पूल आणि गिरण्यांची धुराडी आहेत, पाऊस फुकट आहे. मी एका विधवा बाईंच्या घरी खोली घेतली होती. त्या सकाळी बटाटे उकडत, दुपारी तळत आणि रात्री त्यांचं सूप करत. मिरची मागितली तर काळी मिरी देत आणि मी रडतो का ते बघत बसत. राहायला जागा मात्र चांगली, कोणी जाणार असेल तर डोळे मिटून जा.

सप्टेंबरात जकात कचेरीची चिठ्ठी आली आणि त्याच दिवशी आबांचं पत्र. मायने माझ्या वाट्याचे दोन रोट पार्सलने धाडले होते. पत्रात मायचं म्हणणं आबांनी जसंच्या तसं उतरवलं होतं: "तुन्हा रोट सरनात अशी तार येत नही तोपावत मी धान्याले हात लावाव नही." म्हणजे महिनाभर माझी माय दूध आणि शेंगदाण्यांवर होती. मी वर्ग सोडून कचेरीकडे पळत सुटलो.

जकात अधिकाऱ्याचं नाव यान. गोरापान, लठ्ठ, बोटीवर नोकरी केल्यामुळे इंग्रजी बोलणारा. त्याने मला आदराने बसवलं आणि अडचण सांगितली. वस्तू कुठल्या सदरात घालायची तेच त्याला कळत नव्हतं. टेबलावर आपटली तर टेबलाला खोक पडली, म्हणून आधी बांधकाम साहित्य लिहिलं. वरिष्ठांनी शेरा मारला की विटेला तुपाचा वास येत नाही. शेवटी खाद्य आहे की नाही हे कर्तव्य म्हणून त्याने स्वतः तपासलं.

"कसं तपासलंत?" मी विचारलं.

"कॉफीत भिजवून. तीन दिवस लागले. खाद्य आहे," तो अभिमानाने म्हणाला.

कागदात दीडच रोट उरला होता. मी तिथेच डोकं धरलं आणि त्याला सगळं सांगितलं: कानबाई, भाऊबंद, मायचा उपास. यानचा चेहरा उतरला. त्याने आपला जेवणाचा डबा बाजूला सारला. "माझ्यामुळे तुमची आई उपाशी आहे?"

"तुम्ही आमचे भाऊबंद असतात तर काही बिघडलं नसतं," मी रडकुंडीला येऊन म्हणालो.

त्याने कोरा फॉर्म काढला. अर्जदाराचं नाव, मागणी: भाऊबंद होणे. "भाऊबंद काय करतात?"

"बांधावरून भांडतात."

"मला शेत नाही. खिडकीत कुंडी आहे, शेजारीण ती सरकवते."

"चालेल."

मग उरलेला दीड रोट आम्ही वाटून घेतला. नियमाप्रमाणे व्हावं म्हणून त्याने मोठा तुकडा आपल्याकडे ओढला आणि मी हक्क सांगत आवाज चढवला. कचेरीतली माणसं धावत आली, तेव्हा त्याने गंभीरपणे सांगितलं की घरगुती बाब आहे. रोट खाऊन हात धुतलेलं पाणी पायदळी जाऊ द्यायचं नसतं, म्हणून ते आम्ही त्याच्या घरच्या कुंडीसाठी बाटलीत भरलं. फॉर्मवर त्याने शिक्का मारला. मी तार केली: रोट भाऊबंदांनी संपवले, जेव. तार फार महाग पडते, शब्द मोजून लिहा. उलट तार आली: जेवली. मला हायसं वाटलं आणि लाजही वाटली, कारण मी मायला फसवलं होतं.

सत्र संपलं, प्रमाणपत्र मिळालं, घरी आलो. गेंटचं काय काय सांगितलं, एवढं सोडून.

पुढल्या वर्षी काळ्या काठाचं, दुखवट्याचं पाकीट आलं. यानने लिहिलं होतं की त्याची आई गेली आणि घराण्याला कळवणं त्याला योग्य वाटलं. आता लपवायला जागा नव्हती. मायसमोर बसून मी सगळं ओकलो. तिचा उपास खोट्या तारेवर सुटला, हेही सांगितलं. आबा पागोटं काढून खाली बघत राहिले.

माय म्हणाली, "तो तठे एकला शे का?"

"एकला शे."

"त्यानी मायनं नाव काय?"

"मारिया."

ती उठली. देवापुढचा दिवा तिने मालवला आणि न्हाणीत पाण्याचा हंडा ठेवला. "उशिरा समजनं, म्हनीसनी तीन दिन सुतक," ती आबांना म्हणाली. "बठ्ठा जन आंघोय करा." मग माझ्या डोक्यावर तिने पहिला तांब्या ओतला आणि जड जिभेने, तुकडे करत म्हणाली, "मा-री-याना नावे."