कुजबुजणारं सोत्गोल

आमची गाडी सोत्गोल गावाच्या वळणावर आली तेव्हा खांबावरचा भोंगा बोलत होता, पण कुजबुजल्यासारखा. "पाहुणे आलेत... सभाघरात या." भातशेतात माणूस नव्हतं. बेडूकही ओरडत नव्हते.

भोंग्यावर होती गावाची प्रमुख, थाक कुम-सन. साठी उलटलेली, रुंद खांद्यांची बाई. गावाच्या माथ्यावर टाकाऊ प्लास्टिक वितळवणारा कारखाना होता आणि त्याला दुसरी भट्टी हवी होती. परवानगीआधी त्या भट्टीचा लोकांच्या तब्येतीवर काय परिणाम होईल ते तपासून जिल्ह्याला सांगायचं, हे आमचं काम. डॉक्टर प्यो हे-रिम आमच्या पथकाच्या प्रमुख, मदतीला मी.

सभाघरात म्हाताऱ्या दाटीवाटीनं बसलेल्या. उकडलेली रताळी पुढे सरकवत कुम-सन म्हणाली, "आधी खा. शहरात काय मिळतं तुम्हाला!"

"कुणाला काही त्रास?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे! सगळ्या ठणठणीत."

"मग इतक्या हळू का बोलताय?"

त्या एकमेकींकडे बघू लागल्या. "हळू? कोण बोलतंय हळू?" कुम-सन हसली. "डॉक्टरबाई, कान तपासा तुमचे!" सगळ्या हसल्या. हसण्याला आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते.

कारखाना यायच्या आधी कुणीतरी या गावातली भातलावणीची गाणी रेकॉर्ड केली होती. पुढच्या खेपेला मी ती मिळवून आणली आणि सभाघरात लावली. एक बाई सांगत होती, बाकीच्या मागून म्हणत होत्या. भरदार, डोंगरावर आदळून परत येईल असा आवाज.

"कोण गं ही?" कुम-सननं विचारलं. "कुठल्या गावची?"

कोपऱ्यातली तिची जाऊ पुटपुटली, "वहिनी, ही तुम्हीच."

कुम-सनचा हात गळ्याकडे गेला. "परत लाव," ती म्हणाली. मी लावलं. ती डोळे ताणून यंत्राकडे बघत राहिली, जणू आत कुणीतरी अडकलं होतं.

त्यानंतर तिनंच दारोदार फिरून सगळ्यांना तपासणीला आणलं. जवळपास प्रत्येकाचा घसा आतून भाजल्यासारखा लाल होता. डोंगरापलीकडच्या गावात, जिथं धूर पोचत नव्हता, तिथं तसं काही नव्हतं.

भट्टीबद्दलच्या जिल्ह्याच्या सुनावणीला कुम-सन उभी राहिली. अध्यक्ष म्हणाले, "आजी, जरा मोठ्यानं बोला."

"साहेब, याहून मोठं येत नाही."

दुसरी भट्टी नामंजूर झाली. धूर गाळायची सोय होईपर्यंत जुनीही बंद ठेवायचा हुकूम निघाला.

वर्षभरात जावेचा आवाज बराच सुधारला. कुम-सनचा नाही, तिच्या घशातली गाठ काढावी लागली. आता जिल्ह्यात कुठं रस्ता, कुठं कारखाना यायचा असला की आमच्या गाडीत ती हक्कानं बसते. त्या गावात पोचलो की आधी सगळ्यांना आपापलं नाव मोठ्यानं सांगायला लावते, आणि डोळे मिटून ऐकत बसते.