ताईच्या खोलीतला उजेड

सव्वा महिना झाला. सकाळी नऊला रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातून ताईच्या शेजारणीचा फोन आला, "भैया, आज दीदी के कमरे की बत्ती नहीं जली." समता कॉलोनीतल्या माझ्या घरून स्कूटर काढून पोचेपर्यंत मी मनाशी घोकत होतो, वीज गेली असेल... वीज होती. ताई अंथरुणातच गेली होती.

ताई माझी थोरली बहीण. त्या खोलीत तिने चाळीस वर्षं ब्लाउज शिवले. दक्षिणेच्या खिडकीतून पौषात ऊन पार पलंगापर्यंत यायचं, ज्येष्ठात चौकटीशीच थांबायचं. त्या मानाने ती मशीन पुढेमागे सरकवायची; फरशीवर तिने ऑइल पेंटचे ठिपकेच करून ठेवले होते, महिन्यामहिन्याचे. बल्ब फक्त श्रावणात, आभाळ भरलं की. दोऱ्याचा रंग मात्र ती दिवसाच्या उजेडातच पाहायची. दिव्याखाली निळा-हिरवा एकच दिसतो म्हणे.

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं आणि काही वर्षांत खिडकीसमोर चार मजले उभे राहिले. ठिपके बेकार झाले. मी वीज खात्यात साधा कारकून, पण घरात इंजिनिअर! लगेच ट्यूब बसवून दिली. दोनेक वर्षांनी ताई म्हणाली, "उजेड कमी होऊन राहिला रे, बाळ्या." मी दुसरी ट्यूब लावली आणि त्या भिंतीला चार शिव्या हासडल्या. मग मशीनवर एलईडी. वर मीच खेकसायचो, "दिवसाढवळ्या एवढे दिवे काहून लावून राहिली?" भिंत काही दरवर्षी वाढत नव्हती, हे माझ्या शहाण्या टाळक्यात आलंच नाही.

हिरव्या दोऱ्याने शिवलेला निळा ब्लाउज परत आला, तेव्हा कुठे तिला डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, म्हणाले; चार वर्षं आधी आणायला हवं होतं. रिक्षात ताई माझा हात चाचपून म्हणाली, "तुले काय मालूम, बाळ्या. मलेबी भिंतच वाटली."

पुढे काहीच दिसेनासं झालं, तरी रोज सकाळी उठून ती चाचपडत तिन्ही बटनं दाबायची. "आता काहून लावून राहिली, ताई?" विचारलं तर म्हणायची, "तू लावून देल्ले ना." मला बरं वाटावं म्हणून असेल. मला मात्र मरणाची लाज वाटायची.

परवा दुपारी खोली आवरायला गेलो. सवयीने हात बटनाकडे गेला, पण दाबवलं नाही. तसाच तिच्या स्टुलावर बसलो. समोर तीच भिंत... रिळांचा डबा उघडला. निळं वेगळं दिसत होतं, हिरवं वेगळं. एकही दिवा न लावता.