साबणानं उतरलेल्या बांगड्या

लोक विचारतात, सेवेची आवड तुम्हाला लहानपणापासून होती का? मी हो म्हणते आणि मोकळी होते, कारण खरं सांगायला वेळ लागतो. खरं असं की ज्या वर्षी मी नर्सिंगला गेले, त्या वर्षी मला काहीच व्हायचं नव्हतं. मी दहावी पास होते आणि विधवा होते. विशीही उलटली नव्हती.

मला ताडकळसजवळच्या एका खेड्यात दिलं होतं. लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला. त्याच दिवशी बायांनी ओसरीवर माझे हात धरले आणि दगडानं बांगड्या फोडल्या. एक काच डाव्या मनगटात रुतली. सगळ्या माझ्याकडे बघून रडत होत्या आणि मी आपली बघत होते की या एवढ्या कुणासाठी रडतायत. तेरावं झाल्यावर सासरच्यांनी मला पत्र्याच्या पेटीसकट बोरीला आणून सोडलं. परत ये, असं कुणी म्हणालं नाही. मलाही त्याचं काही वाटलं नाही.

बोरीत आईवडील होते, भाऊ होता, भावजय होती, त्यांचं तान्हं पोर होतं. घरात मला कुणी टाकून बोललं नाही, हे आधी सांगून टाकते. फक्त वडील पेरणीला निघाले की मी आपणहून दाराआड व्हायची. भाऊ बाजाराला निघाला की दाराआड. चांगल्या कामाला निघालेल्या माणसाला मोकळं कपाळ आडवं जाऊ नये, एवढं कुणी शिकवावं लागत नाही. शेण काढायचं, भाकरी थापायच्या, दाराआड व्हायचं. केस पांढरे होईपर्यंत हेच चालणार, हे मला स्वच्छ दिसत होतं, आणि त्याचंही दुःख होत नव्हतं. दुःख आईला होत होतं. ती माझ्याकडे बघायची आणि तव्यावरची भाकरी करपवायची.

भावाच्या पोराला लस टोचायला उपकेंद्राची नर्सबाई घरी आली. पोरगं किंचाळायला लागलं तशी भावजय तोंड फिरवून उभी राहिली. मग मीच त्याची मांडी धरली. सुई गेली, निघाली. नर्सबाईनं माझ्या हाताकडे बघितलं, मग कपाळाकडे. शिकलीस किती, म्हणून विचारलं. आणि चहा पिता पिता आईला म्हणाली की परभणीला नर्सबाईचा कोर्स असतो, राहण्या-जेवणाची सोय असते, आणि विधवांसाठी काही जागा वेगळ्या ठेवलेल्या असतात.

वडील संध्याकाळी शेतातून आले तेव्हा आईनं विषय काढला.

“कुणाचंबी हागणंमुतणं काढायला पाठवू व्हय पोरीला?” वडील म्हणाले.

“मग हितं काय अत्तर शिंपडायलीय ती? शेणच काढायलीय न्हवं?”

वडलांनी मुंडासं सोडून खुंटीला टांगलं. मग म्हणाले, “विद्यापीठाच्या नामांतराची एवढी गडबड चालू हाय. कवा यष्टी बंद पडंल, कवा दगडं पडतील, सांगता येत न्हाई. त्यात पोरीला शहरात ठिवायचं?”

“गडबड रस्त्यावर हाय. दवाखान्यात न्हाई,” आई म्हणाली.

मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर ‘बघा तुमचं’ म्हणाले असते. वडलांनी शेवटी नाही म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही. सरपंचाकडून मी विधवा असल्याचा दाखला मात्र त्यांनीच आणून दिला आणि कोनाड्यात ठेवला.

मुलाखतीला मी आणि आई सकाळच्या पहिल्या यष्टीनं निघालो. घरातून पाऊल टाकताना माझी पंचाईत झाली. एरवी निघणाऱ्याला मी आडवी जायची नाही, पण आज निघणारी मीच होते. कुणाच्या आड लपायचं ते कळेना. मी उंबऱ्यात घुटमळले, तेव्हा आईच्या डोक्यात काय आलं असेल ते मला परभणीच्या स्टँडवर कळलं.

स्टँडसमोर बांगड्यांचं दुकान होतं. आईनं मला तिथं नेऊन बसवलं.

“लेकीला भरा. हिरव्या.”

मी आईकडे बघितलं. ती माझ्याकडे बघेना. कासारानं हात दाबत विचारलं, “लगीन जमलंय वाटतं?”

“जमायलंय,” आई म्हणाली.

बांगड्या जरा घट्टच बसल्या. भरून झाल्यावर कासाराला नमस्कार करतात, तो मी केला. मग नर्सिंगच्या शाळेच्या फाटकाशी आल्यावर आईनं स्वतःच्या कपाळावरचं कुंकू अंगठ्यानं घेतलं आणि माझ्या कपाळाला लावलं. “मोठी माणसं बसलेली असत्याल. मोकळं कपाळ बघून तोंड फिरवतील,” ती म्हणाली. “काम झालं की काढू.” तिचा हिशेब सरळ होता. माझा अपशकुन मलाच होऊ नये. जी जागा विधवेसाठीच ठेवलेली आहे, ती मागायला ती मला सवाष्ण करून पाठवत होती, हे तिच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही. मी विचार करायचं सोडून दिलं होतं.

आत टेबलामागे एक डॉक्टर, एक मेट्रनबाई आणि बाजूला कारकून. कारकुनानं वाचलं, “विधवा. सरपंचाचा दाखला जोडलाय.” मग त्यानं मान वर केली.

“बाई, तुम्ही विधवा ना? मग हे काय?”

मी माझ्या हातांकडे बघितलं. जणू दुसऱ्याच कुणाचे हात होते. डॉक्टरांनी चष्मा काढला. “खोटे दाखले घेऊन येतात, आणि खऱ्या गरजूंच्या जागा जातात. पुढच्या मुलीला बोलवा.”

मी वळले. दारापर्यंत गेलेसुद्धा. दाराच्या फटीतून लिंबाखाली बसलेली आई दिसली. चपला काढून, हात जोडून बसली होती. आता घरी जायचं आणि परत त्या दाराआड उभं राहायचं, आणि आई तव्यासमोर. मला माझं काही वाटत नव्हतं, पण ते तव्यासमोरचं तोंड मला बघवलं नसतं.

“दाखला खरा हाय, साहेब,” मी म्हणाले. “बांगड्या आईनं भरल्यात. आत्ताच, स्टँडवर.”

“कशासाठी?”

“माझा अपशकुन मला होऊ नये म्हणून.”

कारकून कागद चाळायला लागला. डॉक्टरांनी चष्मा परत चढवला. मेट्रनबाई मात्र उठल्या, उंच, हाडापेराच्या बाई, आणि मला कोपऱ्यातल्या बेसिनपाशी घेऊन गेल्या.

“हात पुढे कर.”

मी हात पुढे केले, तोंड फिरवलं आणि डोळे गच्च मिटले. ओसरीवर असंच केलं होतं.

“डोळे कशाला मिटतेस? माझ्या इथं काच फुटत नाही.”

त्यांनी माझ्या हाताला साबण लावला. अंगठा आत दुमडला, बोटं एकत्र घेतली, पेरं दाबली, आणि एकेक बांगडी सुळकन उतरवली. डाव्या मनगटावरच्या काचेच्या व्रणाशी त्यांचा अंगठा थांबला, मग पुढे गेला. बांगड्या बेसिनच्या कडेला ठेवल्या, सगळ्या अखंड. मी कुंकू पुसायला पदर उचलला तर म्हणाल्या, “ते राहू दे. कुंकवानं पेशंटला काही होत नाही. बांगड्या लागतात, आणि खाली घाण साठते. इथं येणाऱ्या प्रत्येकीच्या मी काढते. तू काही वेगळी नाहीस.”

मी काही वेगळी नाहीस. हे मला फार दिवसांनी कुणी म्हणालं होतं.

टेबलाकडे परत आल्यावर डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला. “उलटी, रक्त, पू, सगळं साफ करावं लागेल. किळस येईल?”

“मला काही वाटत नाही,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि काहीतरी लिहिलं. ज्या गोष्टीपायी आई रात्रंदिवस झुरत होती, ती तिथं गुणांत जमा झाली.

बाहेर आले तर आईनं आधी माझे मोकळे हात बघितले. तिचा चेहरा पांढरा पडला. “कुणी फोडल्या?” ती ओरडलीच.

बांगड्या बांधून आणलेला रुमाल मी उघडला. “फोडल्या न्हाईत. काढल्यात.” ती रुमालाकडे बघत राहिली. एक बांगडी उचलून उजेडात धरली, कुठं तडा नाही ना, ते बघितलं. मग सगळ्या पदरात बांधल्या आणि घरी जाईपर्यंत त्या गाठीवरचा हात तिनं काढला नाही.

जागा मिळाली. पोहोचवायला वडील आले, माझी पेटी स्वतः डोक्यावर घेऊन. हॉस्टेलच्या पहिल्या संध्याकाळी मेट्रनबाईंनी सगळ्यांना बेसिनपाशी रांगेत उभं केलं. माझ्या शेजारच्या खाटेची मुलगी सोनपेठकडची होती. आमच्या गावात तिनं आणि मी एका आडावर पाणी भरलं नसतं. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलेलं होतं. हात पाठीमागे लपवून ती रडत होती. “आई म्हनली व्हती, लग्नाआधी हात मोकळे ठिवू नको. लय वंगाळ असतं.”

मी तिचे हात हातात घेतले. साबण लावला, अंगठा आत दुमडला, पेरं दाबली. बांगड्या एकेक करून उतरल्या आणि मी त्या तिच्या ओंजळीत ठेवल्या. माझे डोळे भरून आले, किती महिन्यांनी ते मला आठवत नाही, आणि समोरचं बेसिन दिसेनासं झालं.

तिनं ओंजळीत बघितलं. एकही फुटली नव्हती. “तुझा हात लय हलका हाय गं,” ती म्हणाली. “कुठं शिकलीस?”

“इथंच,” मी म्हणाले.