जमिनीखालच्या पाइपातलं साधं पाणी

त्या सकाळी हीटिंगचं यंत्र चौथ्यांदा बंद पडलं, तेव्हा मी त्याला लाथ घातली. यंत्राला काही झालं नाही, माझा अंगठा मात्र ठणकत राहिला. बाहेर गवत पांढरंफटक पडलं होतं. आत सोफ्यावर, गेल्या वर्षीपासून माझ्याकडेच राहणारे बाबा कानटोपी घालून, दोन ब्लँकेटं पांघरून खोकत बसले होते. न्यूमोनियातून उठून हॉस्पिटलमधून घरी येऊन त्यांना जेमतेम चार दिवस झाले होते. सोडताना डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं होतं: खोली वीस अंशांच्या खाली जाऊ द्यायची नाही, आणि ताप एकशे एकवर गेला तर तडक परत आणायचं. खोलीत सतरा अंश होते.

आमच्या घराची ऊब जमिनीतून येते. मागच्या अंगणात मीटरभर खोल पाइपांची वेटोळी पुरलेली आहेत. त्यांतून फिरणारं पाणी जमिनीतली ऊब गोळा करतं आणि लॉन्ड्रीतलं, म्हणजे घरातल्या कपडे धुण्याच्या खोलीतलं, फ्रीजएवढं यंत्र ती फरशीखाली पोचवतं. त्या पाण्यात ते गोठू नये म्हणून अँटीफ्रीझ घातलेलं असतं. न्यूझीलंडमधल्या आमच्या या पामर्स्टन नॉर्थमध्ये असलं प्रकरण मी तरी दुसऱ्या कुणाकडे पाहिलेलं नाही. मी हौसेनं बसवून घेतलं आणि दोन वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला त्याचं कौतुक ऐकवून पिडलं.

उन्हाळ्यापासून त्या पाइपांमधला दाब हळूहळू उतरत होता. कुठल्या तरी जोडातून थेंब थेंब गळत असणार. बसवणाऱ्याला फोन केला की तो ‘नो वरीज’ म्हणणार आणि तीन आठवड्यांनी उगवणार. मला कुठला धीर! मी भिंतीबाहेरच्या व्हॉल्व्हला बागेची नळी जोडली आणि सरळ नळाचं पाणी भरलं. काटा झकास वर आला. असं मी चारदा केलं. पुण्यातल्या आमच्या जुन्या गाडीच्या रेडिएटरमध्ये आयुष्यभर नळाचंच पाणी पडलं आणि तिनं कधी कुरकुर केली नाही. अँटीफ्रीझ दर वेळी पातळ होतंय, हे मला सुचलंच नाही म्हणावं, तर तेही खरं नाही. सुचलं होतं. मी कानाडोळा केला.

त्यात बाबा हॉस्पिटलमधून आल्यापासून मी थर्मोस्टॅट तेवीसवर नेला होता. आठवडाभर कडक थंडी, यंत्राला क्षणाची उसंत नाही. आता रीसेट केलं की ते चार मिनिटं घरघरायचं आणि पडद्यावर ‘प्रवाह कमी’ असं दाखवून गप्प व्हायचं.

बसवणाऱ्याला फोन लावला. हात रिकामे हवेत म्हणून स्पीकरवर टाकला.

“किआ ओरा,” त्यानं इथला नमस्कार घातला आणि सगळं ऐकून घेतल्यावर त्यानं विचारलं, “त्या पाइपांत कुणी काही भरलंय का? टॉप-अप वगैरे?”

“नाही,” मी म्हणाले.

बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि मग खिडकीबाहेर बघत बसले. मी खोटं का बोलले, याला काही खोल कारण नाही. मी इंजिनिअर आहे. नळी लावून पाणी भरलं, हे त्या माणसाला सांगायची मला लाज वाटली.

“मग पंप गेला असणार,” तो म्हणाला. “ऑकलंडहून मागवतो. गुरुवार उजाडेल. आणि रीसेट करत बसू नकोस. पाण्यातली ऊब ओढून घेणाऱ्या एक्स्चेंजरमध्ये बर्फ धरत असेल तर तो फुटेल, मग सगळं यंत्रच भंगारात.”

तो सोमवार होता. रीसेट मी तोवर अकरा वेळा केलं होतं.

घरातला एकुलता एक हीटर मी बाबांच्या पायाशी आणून ठेवला. मोठ्या काचांच्या त्या खोलीत त्याचा काय पाड लागणार? सोळा. मग पंधरा. बाबांना दुसरीकडे हलवायचं, तर आधी त्याच हवेत बाहेर काढावं लागलं असतं. त्यांचा पाय ब्लँकेटबाहेर आला की मी खेकसत होते, “बाबा, पाय आत! किती वेळा सांगायचं?” ते निमूटपणे पाय आत घेत होते. अकराच्या सुमारास थर्मामीटर लावला. शंभर. सकाळी नव्याण्णवसुद्धा नव्हता. मी फोन घेऊन लॉन्ड्रीत गेले आणि दार लावून घेतलं.

“मी मघाशी खोटं बोलले,” मी म्हणाले. “पाणी भरलंय. नळाचं.”

“किती?”

“हीप्स.” ढिगानं, असं त्याच्याच भाषेत सांगून टाकलं.

तो लगेच म्हणाला, “मेन स्विच बंद कर. अँटीफ्रीझचं पिंप घेऊन येतो.”

तो तासाभरात आला. पाइपातला एक थेंब त्यानं अँटीफ्रीझ मोजायच्या छोट्या काचेवर घेतला आणि उजेडाकडे धरून पाहिला. जवळजवळ नुसतं पाणी. आत बर्फाचा लगदा झाला होता. तो वितळेपर्यंत आणि मग एक्स्चेंजर तपासून होईपर्यंत मी त्याच्या पाठीमागे उभी राहून नखं खात होते. फुटला नव्हता. त्यानं मला एका शब्दानं सुनावलं नाही, आणि त्याचीच मला जास्त शरम वाटली. जुनं काढून नवं भरायला आणखी दोन तास गेले. चारला फरशी कोमट लागायला लागली. रात्रीपर्यंत बाबांचा ताप उतरला आणि त्यांनी आपण होऊन चहा मागितला.

चहा घेताना ते म्हणाले, “ब्राइन पातळ झालं होतं ना?”

बाबांनी तीस वर्षं एका डेअरीच्या शीतगृहात यंत्रं सांभाळली. पाइपातल्या न गोठणाऱ्या पाण्याला ते अजून ब्राइनच म्हणतात.

“तुम्हाला कसं कळलं?”

“तू नळी लावत होतीस ते दिसायचं मला खिडकीतून. दर वेळी.”

“म्हणजे सकाळपासून माहीत होतं? मी फोनवर नाही म्हटलं, तेव्हासुद्धा? मग बोलला का नाहीत, बाबा? असे कुडकुडत काय बसलात?”

त्यांनी कप जपून बशीत ठेवला.

“तू ओरडशील असं वाटलं,” ते म्हणाले.

खोली एकवीस अंशांवर आली होती, आणि मी तेव्हाही ओरडतच होते.